मेजर, अश्विनीला सांगून आले

मेजर, गुरुवारी दुपारी तुमच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी आठवीच्या वर्गावर होते. "बाई, आबा गेले," एवढंच तो म्हणाला. फोन ठेवून मी फळ्याकडे वळले आणि पहिली गोष्ट जाणवली ती ही, की माझे खांदे खाली आले. कित्येक दिवस ते कानांना टेकल्यासारखे वर चढलेले होते. रडू आलं ते संध्याकाळी, भाजी चिरताना, आणि तेही फार नाही. त्याआधी आलं ते हायसं वाटणं. मला त्याची लाज वाटली. गावात कुणाला सांगितलं तर म्हणतील, बाई दगडाच्या काळजाची आहे. म्हणून तुम्हालाच सांगते.

शेवटचे चार महिने तुमचा एकेक श्वास खोल विहिरीतून पोहरा ओढावा तसा वर येत होता. मिरजेच्या त्या दवाखान्यात मी येऊन बसायचे आणि बोलता बोलता माझाही श्वास तुमच्याबरोबर अडायचा. तो पोहरा आता कुणाला ओढायचा नाही. एवढ्यासाठीच हायसं वाटलं असतं तर गोष्ट सोपी होती. पण माझं हायसं वाटणं दुहेरी आहे, आणि त्यातलं दुसरं फक्त तुम्हाला, तुमच्या मंडळींना आणि मला ठाऊक आहे. आता अश्विनीलाही.

तुम्ही पहिल्यांदा शाळेत आलात तेव्हा मला तिथे लागून तीन वर्षं झाली होती. वडूजच्या बाजूचं आपलं गाव, कुसळाचे माळ, आणि फौजेतून पेन्शन घेऊन परतलेला जो तो आपल्याकडे मेजरच. तुम्ही खरे सुभेदार, पण तुम्ही कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. काखेत हिरवी ताडपत्री घेऊन तुम्ही हेडसरांच्या खोलीत गेलात आणि म्हणालात, "साहेब, आठवड्याला दोन तास द्या. पोरांना इंग्लिशचे शब्द शिकवतो. आमचं काय मागणं न्हाई."

हेडसरांना बरंच वाटलं. मला नाही.

माझी पद्धत ठरलेली होती. रोज दहा शब्द फळ्यावर. स्पेलिंग, मराठी अर्थ, प्रत्येक शब्द पाच वेळा वहीत, शनिवारी तोंडी परीक्षा. तुम्ही आलात आणि मैदानात ताडपत्री पसरलीत. चार कोपऱ्यांना चार पोरं उभी केलीत. "लिफ्ट! शेक इट! नाऊ फोल्ड. नॉट लाइक दॅट, फोल्ड इट नीटली! व्हेअर इज द कॉर्नर?" अर्ध्या तासात पोरांच्या तोंडी उचलणं, झटकणं, घडी घालणं, कड, कोपरा, ढिलं, घट्ट असे किती शब्द बसले, आणि त्यातला एकही तुम्ही मराठीत सांगितला नाही. मी वर्गाच्या खिडकीतून बघत होते. ते बघून मला आनंद झाला असं म्हणायला मला आवडलं असतं.

मधल्या सुट्टीत तुम्ही मला म्हणालात, "आवं बाई, शब्द एकटा शिकवू नका. एकटा टिकत न्हाई पोराच्या डोक्यात. रेन आला का त्याच्यासंगं हेवी येऊ द्या. टी आली का स्ट्राँग येऊ द्या. बिग रेन कुणी म्हणत न्हाई."

मी म्हणाले, "आधी शब्दाची ओळख तर होऊ द्या मेजर, मग त्याची सोयरीक जुळवू."

तुम्ही मोठ्यानं हसलात. मी हसले नाही. तुमच्या कम्फर्टेबलमध्ये आणि व्हेजिटेबलमध्ये अख्खं टेबल ऐकू येत होतं, आणि मी एम.ए. इंग्रजी होते.

माझा राग कुठून आला होता ते तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. मी मेंढरं राखणाऱ्या घरातली. दिवाळी झाली की आमचं बिऱ्हाड घोड्यावर चढायचं आणि नदीकाठच्या उसाच्या गावांकडे निघायचं. शाळा सुटायची ती थेट पावसाळ्यात धरायची. वहीतलं एक पान फाडून, त्यावर दहा शब्द लिहून मी ते झग्याच्या खिशात ठेवायचे आणि मेंढरांमागे चालताना पाठ करायचे. पान घामानं विरून जायच्या आत ते दहा पाठ झालेच पाहिजेत. माझ्याशी इंग्रजी बोलणारं कुणी नव्हतं आणि समोर पसरायला ताडपत्री नव्हती. त्या याद्यांवर मी बी.ए. झाले, एम.ए. झाले, आमच्या वाडीतली पहिली शिक्षिका झाले. तुम्ही म्हणालात याद्या टाकून द्या. मला ऐकू आलं ते, की मी चालले ती वाट चुकीची होती.

मग तो तपासणीचा दिवस आला.

तपासणीला आलेले शिक्षण खात्याचे साहेब आठवीच्या वर्गात आले. त्यांनी तिसऱ्या बाकावरच्या अश्विनीला उभं केलं आणि इंग्रजीत विचारलं, तू सकाळी काय करतेस? अश्विनी लाजाळू, पण तुमच्या तासाला पुढे असायची. ती ताठ उभी राहिली, हात बाजूला, आणि खणखणीत म्हणाली, "सर, आय फॉल इन अ‍ॅट द टॅप अ‍ॅट सिक्स ओक्लॉक, सर!"

साहेब हसायला लागले. "रोज सहा वाजता नळात पडतेस? लागत नाही का?" मग हेडसर हसले. साहेब हसले म्हणून सगळा वर्ग हसला. अश्विनीचा चेहरा आधी कोरा झाला आणि मग लाल. ती खाली बसली आणि तिनं डोकं बाकावर टेकलं. मेजर, मीही हसले. फार नाही, ओठांच्या कोपऱ्यात. पण तिनं डोकं टेकण्याआधी माझ्याकडे पाहिलं होतं, आणि ते हसू तिनं बघितलं.

त्याच दिवशी दुपारी मी हेडसरांना अर्ज लिहून दिला. बाहेरच्या व्यक्तीकडून विद्यार्थ्यांना चुकीचे इंग्रजी शिकवले जात आहे, त्यामुळे शाळेची नाचक्की झाली, तरी हे तास बंद करावेत. खाली सही केली आणि वर तोंडी विनंती केली, की माझं नाव कुठे येऊ देऊ नका. हेडसरांनी ते पाळलं. तुम्हाला त्यांनी सांगितलं, "मेजर, वरून सूचना आली आहे." तुम्हाला वाटलं साहेबांनी बंद केलं. तुम्ही ताडपत्रीची व्यवस्थित घडी घातलीत, हेडसरांना सलाम ठोकलात आणि फाटकातून बाहेर पडलात. माझ्याकडे बघून म्हणालात, "पोरांकडं लक्ष ठेवा बाई."

फॉल इन म्हणजे फौजेत रांगेत उभं राहणं. हे मला माहीत नव्हतं. दोन महिन्यांनी शब्दकोशात दुसरंच काही शोधताना ते समोर आलं. आमच्या गावात नळाला पाणी सकाळी सहाला यायचं आणि अश्विनी हंडा घेऊन रांगेत उभी राहायची. ती रोज जे करत होती तेच तिनं सांगितलं होतं, आणि बरोबर सांगितलं होतं. मी शब्दकोश मिटून कपाटात ठेवला.

तुम्ही थांबला नाहीत. शाळा सुटल्यावर एसटीच्या शेडमध्ये पोरं जमायला लागली. मी तिथून मान खाली घालून जायचे. मग सहामाहीचे पेपर तपासताना बघते तर वर्गातल्या जवळजवळ सगळ्या पोरांनी एकच वाक्य लिहिलेलं, माय फादर वर्क्स हार्डली. माझ्या यादीत हार्ड म्हणजे कष्टाचं असं होतं. पोरांनी त्याला शेपूट लावलं आणि बापाला आळशी करून टाकलं. चारपाच जणांचं तेवढं बरोबर होतं. त्यांना बोलावून विचारलं, तर त्यातला एक म्हणाला, "बाई, मेजर चष्मा काढत्यात आन् हात पुढं करून चाचपडत्यात. म्हणत्यात, आय कॅन हार्डली सी. म्हणजे कसंबसं दिसतंय."

त्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी तुमच्या शेडमध्ये आले. तुम्ही बाकड्यावर सरकून जागा केलीत. का आले, हे विचारलं नाहीत.

त्यानंतरचे शनिवार आठवले की आज मला बरं वाटतं. अकरा वर्षं आपण भांडलो. तुम्ही म्हणायचात, मराठी अर्थ सांगायचाच नाही, पोराला हात लावू द्या, वास घेऊ द्या, शब्द आपोआप चिकटतो. मी म्हणायचे, पोरगं आईची भाषा बरोबर घेऊन येतं, ती दाराबाहेर काढून ठेवायला लावणं हा कुठला न्याय? एकदा मी तुम्हाला चांगलं गाठलं. म्हणाले, "मेजर, आता ऑलदो करून दाखवा."

तुम्ही उभे राहिलात. आधी छत्री उघडल्यासारखं केलंत, मग भिजल्यासारखं केलंत, मग लंगडत शेडभर चाललात. पोरं ओरडत होती, "पडला! आजारी! दारू प्याला!" पाच मिनिटांनी तुम्ही घाम पुसत खाली बसलात. मी पोरांना म्हणाले, "जरी आणि तरी मधलं जरी." सगळ्यांना कळलं. लगेच एकानं वाक्य केलं, ऑलदो मेजर इज ओल्ड, ही कॅन डान्स.

"घ्या," तुम्ही म्हणालात, "एक तुमचा. बाकी सगळे माझे."

हिशेब तिथेच राहिला. मी हळूहळू याद्या लहान केल्या. दहाचे चार शब्द झाले, आणि प्रत्येक शब्द त्याच्या जोडीदारासकट फळ्यावर आला. हे मी तुम्हाला कधी कबूल केलं नाही. तुम्हीही माझ्या मागे पोरांना मराठी अर्थ सांगायला लागला होतात, हे मला पोरांनी सांगितलं होतं.

पण तो अर्ज आपल्या बाकड्यावर दर शनिवारी तिसरा बसलेला असायचा. तुम्ही साहेबांना शिव्या घालायचात आणि मी एसटीच्या वेळापत्रकाकडे बघत राहायचे. किती वेळा तोंडापर्यंत आलं. दर वेळी वाटायचं, आज नको, आज छान चाललंय.

मग तुमची फुफ्फुसं गेली. मुलाचं घर कुपवाडला, दवाखाना मिरजेला, म्हणून तुम्हाला तिकडे नेलं. मी रविवारी मायणी-विटा करत एसटीनं यायचे. एका रविवारी तुम्ही नाकावरचा मास्क बाजूला केलात आणि म्हणालात, "बाई, जाताना मनात कुणाचं वाईट नको. त्यो तपासणीचा साहेब... लय शिव्या दिल्या त्याला. आज सोडला. माफ केलं."

मला ते ऐकवलं नाही. मी म्हणाले, "मेजर, साहेबांनी काही केलं नव्हतं. अर्ज मी दिला होता."

काकू, तुमच्या मंडळी, पायाशी बसल्या होत्या. तुमचे पाय चेपणारा त्यांचा हात थांबला.

"तुमी?"

"हो."

"तुमच्या हातानं?"

"हो. मी रडत नाही मेजर, मला फक्त..." आणि मी रडायला लागले.

तुम्ही रागावलात. एवढा श्वास कुठून आणलात कोण जाणे. म्हणालात, "मला काढलं त्याचं सोडा. अकरा वर्सं त्या बिचाऱ्या साहेबाला शिव्या दिल्या त्याचंबी सोडा. ती पोरगी रडत घरी गेली. ती बरोबर हुती, हे कळल्यावर तिला सांगितलं का?"

मी नाही म्हणाले.

"मग माझ्यासमोर कशापायी रडताय? जावा तिकडं."

आणि तोंड भिंतीकडे केलंत. काकूंनी मला डोळ्यांनी खुणावलं, जा म्हणून. मी मिरजेच्या स्टँडवर दोन गाड्या सोडल्या. पण मेजर, खरं सांगते, तेव्हाही आत कुठेतरी हलकं वाटत होतं. तुम्ही समजून घेतलं असतंत, जाऊ द्या बाई म्हणाला असतात, तर ते ओझं तसंच राहिलं असतं. तुम्ही रागावलात म्हणून ते खाली ठेवता आलं.

अश्विनीचा नंबर तिच्या आईनं दिला. ती लग्न करून कुपवाडलाच राहते, एका लहान कारखान्यात यंत्रांचे सुटे भाग मापात आहेत का ते तपासते. पुढच्या रविवारी सुट्टी नव्हती तिला, म्हणून जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या फाटकाशी भेटायचं ठरलं. दुचाक्यांच्या रांगेतून ती आली, निळा कोट, हाताला तेलाचा वास. वाकून पाया पडायला लागली. मी तिला धरलं आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. फॉल इनचा अर्थ, माझं हसणं, अर्ज, शब्दकोश.

तिनं हाताचं तेल कोटाला पुसलं. मग म्हणाली, "अकरा वर्षांनी सांगताय व्हय बाई?"

"हो."

"मी त्या दिवसापासनं कुणासमोर इंग्लिश बोलले न्हाई. पुण्याचा साहेब फोन करतो, इंग्लिश सुरू झालं का मी फोन बाजूच्या मुलीला देते. ती माझ्यानंतर लागलीया. सुपरवायझर ती झाली." आवाज चढला नव्हता तिचा. ते जास्त लागलं. "मला वाटायचं माझ्यामुळं मेजरांचा तास बंद झाला. मी शेडमधीबी कधी गेले न्हाई. त्यांच्या घरावरनं जायला नको म्हणून लांबनं जायची."

मेजर, हे तुम्हालाही ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. मी म्हणाले, "तुझी चूक नव्हती. तू एकटीच बरोबर होतीस त्या खोलीत."

तिनं पदर नसताना पदर शोधल्यासारखं केलं आणि कोटाच्या बाहीनं डोळे पुसले. "कुठं हायत मेजर?"

संध्याकाळी पाळी सुटल्यावर तिनं मला तिच्या स्कूटीवर मागे बसवलं आणि मिरजेला आणलं. पुढचं तुम्हाला माहीत आहे, तुम्ही होतातच. तरी मला ते पुन्हा सांगायचंय.

ती तुमच्या खाटेशी उभी राहिली. तुम्ही तिला ओळखलंत, हात वर करून मला गप्प राहायला सांगितलंत आणि मास्कच्या आतून म्हणालात, "रिपोर्ट."

वॉर्डात आठ खाटा. बाजूचा म्हातारा उठून बसला. अश्विनीनं एकदा माझ्याकडे बघितलं. मग तिनं हात बाजूला घेतले. "सर. आय वर्क इन फॅक्टरी, सर. आय चेक द... द साइज. आय रिजेक्ट डिफेक्ट पीस, सर."

मी ऐकलं. डिफेक्ट. आयुष्यात पहिल्यांदा मी चूक ऐकून तोंड बंद ठेवलं. मनात म्हटलं, आज एक शब्दही बोलायचा नाही.

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. "बाई, चुकली ती. सांगा की."

"असू दे मेजर."

"असू दे कसं? चूक ऱ्हाऊ द्यायची न्हाई. फकस्त हसायचं न्हाई." आणि दम लागून तुम्ही डोळे मिटलेत.

मी अश्विनीला म्हणाले, "डिफेक्टिव्ह पीस. अ डिफेक्टिव्ह पीस."

"आय रिजेक्ट अ डिफेक्टिव्ह पीस, सर," ती म्हणाली. पुन्हा म्हणाली, या वेळी जरा मोठ्यानं. बाजूच्या म्हाताऱ्यानं मान डोलावली. तुम्ही डोळे न उघडता बोट वर केलंत, म्हणजे अजून एक. तिनं सांगितलं, नळ आता घरात आलाय, रांग नाही. इंग्रजीत सांगितलं, तुटक तुटक, मध्ये दोनदा थांबून. मी एकदाच दुरुस्त केलं. ती रागावली नाही, मीही संकोचले नाही. आपल्या तिघांचा एवढाच एक तास झाला.

निघताना तुम्ही माझा हात धरलात. वाटलं, आता काहीतरी बोलाल. तुम्ही म्हणालात, "ऑलदोचं बघू पुढच्या रविवारी. मला सुचलंय कसं दाखवायचं ते."

पुढचा रविवार आला नाही. कसं दाखवणार होतात ते मला कधीच कळणार नाही, आणि मी हरले असते की जिंकले असते तेही. वर्गात ऑलदो आला की मी मराठीतच सांगणार आहे. पण आधी पाच मिनिटं पोरांना खटपट करू देईन.

काल तिसऱ्या दिवसाला कुपवाडला आले होते. सगळं आवरल्यावर काकू माझ्याजवळ येऊन बसल्या. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाल्या, "बाई, एक इचारू का? कुणाला सांगू नका."

"विचारा की."

"ह्यांचा श्वास मोजत बसायची मी. चार महिनं. एक उशिरा आला का उठून बघायची. गुरवारी सगळं झालं, पोरीनं आंथरूण घातलं, मी आडवी झाले ती थेट सकाळीच जाग आली. कूसबी वळले न्हाई. माणूस गेलं आन् मला झोप लागली. पाप लागंल का ओ?"

मी त्यांचा हात हातात घेतला. म्हणाले, "काकू, मीबी झोपले. अकरा वर्सांत अशी झोपले नव्हते."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. आधी त्यांचे ओठ थरथरले, मला वाटलं आता रडतील. पण त्यांना हसू फुटलं. पदर तोंडात कोंबला तरी आवरेना, आणि त्यांचं बघून मलाही. सून आतून धावत आली, सुतकाच्या घरात हसतंय कोण म्हणून, आणि दारातच उभी राहिली. आम्ही दोघी एकमेकींना धरून हसत होतो, डोळे गळत होते, आणि थांबावं असं दोघींनाही वाटत नव्हतं.